टेक्सासच्या शाळेत मुलांचं वर्ष वाया जाईल का?

पत्र थोडक्यात : पुण्याच्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांची कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ पाठवते आहे. जुलैच्या शेवटी सगळ्यांनी निघायचं आहे. मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत इंग्रजी माध्यमातून आठवी झाली. २० सप्टेंबरला तिला चौदा पूर्ण होतील. मुलाचं सीनियर केजी झालं आणि १८ नोव्हेंबरला त्याला सहा पूर्ण होतील. इथे ती नववीत आणि तो पहिलीत गेला असता. तिथल्या शाळेनं मात्र कळवलं, की मुलगा किंडरगार्टनमध्ये बसेल. मुलगी वयानुसार आठवीत येते, पण आठवीचे कागद असल्यामुळे पालकांची इच्छा असेल तर नववीचा विचार करता येईल. न्यू जर्सीतली नणंद म्हणते, "अजिबात ऐकू नका, भांडा." यजमानांना वाटतं, परत आल्यावर मुलगी एक वर्ष मागे पडेल. सासूबाई विचारतात, "पोरं नापास झाली का?" आणि मुलगी म्हणते, "मी पुन्हा आठवीत बसणार नाही." दोन्ही मुलांचं एकेक वर्ष वाया जाऊ द्यायचं का, असं या आई विचारतात.

उत्तर :

त्या शाळेनं तुमच्या मुलांना जोखलेलं नाही, हे सगळ्यात आधी सांगते. मुलगा किती वाचतो, मुलीचं गणित कसं आहे, यातलं काहीच अजून कुणी पाहिलेलं नाही. शाळेनं पाहिली ती फक्त जन्मतारीख. टेक्सासच्या सरकारी शाळांत १ सप्टेंबर ही तारीख धरतात. त्या दिवशी पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन, सहा पूर्ण असतील तर पहिली. पुढचा हिशोब सोपा आहे. इयत्तेत पाच मिळवले की वर्षाच्या सुरुवातीचं वय मिळतं. पहिलीला सहा, पाचवीला दहा, आठवीला तेरा, बारावीला सतरा. तुमच्या लेकीला १ सप्टेंबरला चौदा पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी पडतात, म्हणून आठवी. मुलाला सहा पूर्ण व्हायला अडीच महिने कमी पडतात, म्हणून किंडरगार्टन.

आपल्याकडेही अशी तारीख असतेच, फक्त ती वेगळी आहे. तुमची लेक पहिलीत गेली तेव्हा महाराष्ट्रात ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलांना पहिलीत घेत. पुढे ही मर्यादा ३१ डिसेंबरपर्यंत आली. त्यामुळे ती पावणेसहा वर्षांची असताना पहिलीत बसली, आणि मुलगा तर साडेपाच वर्षांचा असताना बसला असता. म्हणजे तुमची दोन्ही मुलं नेमकी दोन राज्यांच्या दोन तारखांच्या मधल्या फटीत जन्मली आहेत. फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये जन्मलेली मुलं घेऊन तुम्ही निघाला असतात, तर आठवी झालेली नववीत आणि केजी झालेला पहिलीत, अगदी जशीच्या तशी इयत्ता मिळाली असती आणि हे पत्र लिहायची वेळच आली नसती. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत वाढदिवस असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी म्हणूनच तिकिटं काढायच्या आधी हा हिशोब करून ठेवावा.

नणंदबाईंचा अनुभव खोटा नाही, पण तो न्यू जर्सीचा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे शाळा हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. त्यातही बरेच निर्णय स्थानिक शाळा-जिल्हा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, घेते. न्यू जर्सीत अनेक ठिकाणी १ ऑक्टोबर ही तारीख धरतात. तिथे तुमची लेक वयानंच नववीत गेली असती, मुलगा मात्र तिथेही किंडरगार्टनमध्येच बसला असता. न्यूयॉर्क शहरात जन्माचं कॅलेंडर वर्ष पाहतात, म्हणजे ३१ डिसेंबर. तिथे मुलगी नववीत आणि मुलगा पहिलीत, अगदी पुण्यासारखं. व्हर्जिनियात ३० सप्टेंबर. कॅलिफोर्नियात पूर्वी २ डिसेंबर होती, ती २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्यानं १ सप्टेंबरवर आणली. कनेक्टिकटनं तर २०२४ मध्ये १ जानेवारीवरून एकदम १ सप्टेंबरवर उडी घेतली. तीच मुलं, तीच जन्मतारीख, आणि विमान कुठे उतरतं त्यावर इयत्ता ठरते. मग जी गोष्ट राज्याची सीमा ओलांडली की बदलते, ती तुमच्या मुलांच्या हुशारीचं माप कशी असेल? नातेवाइकांचा सल्ला घेताना त्यांचं राज्य कोणतं, हे आधी विचारा. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांना आपल्या गावची शाळा म्हणजेच अमेरिकेची शाळा असं मनापासून वाटत असतं.

आता मुलाचं बोलू, कारण तिथे माझ्या मनात शंका नाही. त्याला किंडरगार्टनमध्ये जाऊ द्या आणि त्यासाठी भांडू नका.

किंडरगार्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे केजी येतं, आणि जे केजी झालं ते पुन्हा कशाला, असं वाटतं. पण टेक्सासमधलं किंडरगार्टन हे पाच पूर्ण ते सहा पूर्ण या वयाचं, प्राथमिक शाळेच्याच इमारतीतलं पहिलं वर्ष आहे. शाळेची तेरा वर्षं तिथे मोजतात, किंडरगार्टन आणि मग बारा. ही कल्पना जर्मनीतून आली. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानं तिकडे सुरू केलेली ही पद्धत मार्गारेट शुर्झ या जर्मन बाईंनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला आणली, आणि १८७३ मध्ये सेंट लुइसच्या सरकारी शाळेत तिला जागा मिळाली. खेळातून, गाण्यांतून, हातांनी करून शिकणं हा तिचा गाभा. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला हेच तळमळीनं मांडलं होतं. त्यांचं म्हणणं आपण किती ऐकलं, हे आपल्या केजीतल्या मुलांच्या वह्यांकडे पाहिलं की कळतं. तुमचा मुलगा शंभरपर्यंत आकडे लिहीत असेल, कदाचित जोडून अक्षरंही काढत असेल. तिथल्या वर्गात पहिले काही महिने त्याला हे सोपं जाईल, हे खरं आहे. पण गालिच्यावर गोल बसून बाईंनी वाचलेली गोष्ट ऐकायची, ती आपल्या शब्दांत सांगायची, हात वर करून "मला कळलं नाही" म्हणायचं, जेवणाच्या रांगेत स्वतःचा ताट-डबा सांभाळायचा, हे सगळं परक्या उच्चारांच्या इंग्रजीत करणं त्याला अजिबात सोपं नाही. वाचनाचे गट बहुधा मुलाच्या पातळीप्रमाणे पाडतात. त्यामुळे तो पुढे असेल तर पुढच्या गटात बसेल, वर्ग तोच राहील.

दुसरी बाजूही पाहा. भांडून पहिलीत बसवलंत, तर तो वर्गातला सगळ्यात लहान असेल. तिथले काही पालक उन्हाळ्यात जन्मलेल्या आपल्या मुलांना मुद्दाम एक वर्ष उशिरा शाळेत घालतात, त्याला तिकडे रेडशर्टिंग म्हणतात. म्हणजे पहिलीत तुमच्या पावणेसहा वर्षांच्या मुलाशेजारी सात पूर्ण झालेला मुलगाही बसलेला असू शकतो. हा फरक पहिलीत मैदानावर दिसतो आणि सहावी-सातवीत मनावर. किंडरगार्टनमध्ये मात्र तो मोठ्यांपैकी एक असेल, आणि टेक्सासमध्ये त्याच नोव्हेंबरात जन्मलेली सगळी मुलं त्याच्याबरोबरच असतील. तिथल्या कुणालाही तो मागे राहिलेला वाटणार नाही, कारण तो मागे राहिलेलाच नसेल.

माहिती म्हणून सांगून ठेवते, दुसऱ्या राज्यातल्या सरकारी शाळेत किंडरगार्टन पूर्ण केलेल्या मुलाला टेक्सासमध्ये वय भरलेलं नसलं तरी पहिलीत घेतात. भारतातलं सीनियर केजी त्यात बसत नाही. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला थेट पहिलीत नेण्याची काही कार्यपद्धती प्रत्येक शाळा-जिल्ह्याला ठरवून ठेवावी लागते. मुलगा खरोखरच फार पुढे असेल, वर्गात कंटाळून त्रास देऊ लागला असेल, तर दिवाळीच्या सुमारास त्याच्या बाईंशी बोलून हा रस्ता विचारता येईल. आधी त्याला तिथे रुळू द्या.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे तुम्ही सगळ्यांनी थोडं थांबून विचार करायला हवा असं मला वाटतं. कारण आठवी आणि नववी यांच्यामध्ये अमेरिकेत एक मोठी रेघ आहे.

साधारणपणे पाचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी मिडल स्कूल, आणि नववी ते बारावी हायस्कूल. हायस्कूलच्या चार वर्षांना इयत्तेच्या आकड्यापेक्षा नावांनीच ओळखतात. नववीचा तो फ्रेशमन, दहावीचा सॉफमोर, अकरावीचा ज्युनियर, बारावीचा सीनियर. आठवीपर्यंत इयत्ता वयावर चालते. नववीपासून ती क्रेडिटवर चालते. प्रत्येक विषय वर्षभर यशस्वीपणे शिकला की एक क्रेडिट, अर्धं वर्ष शिकला की अर्धं. टेक्सासमध्ये हायस्कूलची पदवी मिळवायला किमान २२ क्रेडिट लागतात, आणि बहुतेक मुलं एखाद्या शाखेची जोड घेऊन २६ करतात. त्यात इंग्रजीची चार वर्षं. शिवाय इंग्रजीच्या पहिल्या दोन पातळ्या, अल्जिब्रा १, जीवशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास अशा पाच विषयांच्या राज्यपातळीवरच्या परीक्षा.

आपल्याकडे नववीचे गुण दहावीनंतर कुणी विचारत नाही. तिथे नववीच्या पहिल्या आठवड्यातली चाचणी चार वर्षांनंतर विद्यापीठाला पाठवायच्या गुणपत्रकात मिसळलेली असते. टेक्सासमध्ये तर १९९७ च्या कायद्यानं, आपल्या शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठासाठी ही मर्यादा दहा टक्क्यांहूनही कडक आहे. त्यामुळे शाळेतला क्रमांक तिथे फार जपतात. म्हणजे ज्या वर्षी तुमची लेक नवं घर, नवे उच्चार, नवे मित्र, जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं ही रोजची धाकधूक, हे सगळं एकदम पेलत असेल, नेमकं तेच वर्ष नववीत गेली तर कायमचं नोंदलं जाईल. आठवीत गेली तर तेच वर्ष ती चुकत, विचारत, रुळत काढू शकेल.

आठवीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. टेक्सासमध्ये आठवीत अमेरिकेचा इतिहास १८७७ पर्यंतचा शिकवतात, आणि हायस्कूलमध्ये १८७७ पासून पुढे. थेट नववीत गेलेल्या मुलीला स्वातंत्र्ययुद्ध, राज्यघटना, गुलामगिरी, यादवी युद्ध हे सगळं गाळून पुढच्या पानापासून वाचायला लागतं. तुमची लेक शिवकालापासून १८५७ पर्यंतचा इतिहास पाठ असलेली मुलगी आहे. तिला त्या देशाची मुळापासूनची गोष्ट एकदा नीट ऐकायला मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

गणिताचं काय, असं तुम्ही विचाराल, कारण आपल्याला खरी भीती त्याचीच असते. तिथे गणित इयत्तेला बांधलेलं नसतं. अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा २, अशी वेगळी शिडी असते आणि मूल तिच्यावर कुठल्याही इयत्तेत असताना चढू शकतं. आपल्याकडे नववी-दहावीत बीजगणित आणि भूमिती हे गणिताचे दोन भाग बरोबरीनं चालतात. तिथे एक संपवून दुसरं. आठवीत असताना अल्जिब्रा १ घेणारी मुलं तिथे भरपूर असतात, आणि त्याचं क्रेडिट हायस्कूलच्या हिशोबात धरलं जातं. तेव्हा समुपदेशकाला, म्हणजे शाळेच्या काउन्सेलरला, इयत्तेबद्दल एक आणि गणिताबद्दल दुसरा असे दोन वेगळे प्रश्न विचारा. आठवीत बसूनही ती गणितात तिच्या पुण्यातल्या मैत्रिणींच्या मागे राहणार नाही, उलट एखाद्या वर्षात पुढेही जाईल.

नववीच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण ती बाजू पोकळ नाही. आठवी हे मिडल स्कूलचं शेवटचं वर्ष. तिथल्या मुलींचे घोळके सहावीपासून जमलेले असतात, त्यात शिरणं अवघड. वर्षभरात जरा ओळखी झाल्या की पुन्हा हायस्कूलची नवी इमारत. नववीत मात्र सगळेच नवे असतात, वर्ग शोधत सगळेच हरवतात. तुमची लेक धीट असेल, इंग्रजीत भरभर बोलणारी, वाचणारी असेल, पुण्यातल्या वर्गातही वयानं लहान असून कधी दबली नसेल, तर नववी तिला झेपेल. सतरा वर्षं आठ महिन्यांची असताना ती हायस्कूल संपवेल, त्यात कुणालाही काही वावगं वाटणार नाही. फक्त इतकं लक्षात ठेवा, की टेक्सासमध्ये पंधराव्या वर्षी गाडीचा शिकाऊ परवाना मिळतो आणि सोळाव्या वर्षी मुलं एकटी गाडी चालवतात. वर्गातल्या बाकीच्या मुली स्टिअरिंगवर बसतील तेव्हा तुमची लेक त्यांच्या शेजारच्या सीटवर असेल. त्या एका वर्षाचं अंतर आईवडिलांना जाणवतं तसं मुलींनाही जाणवतं.

यजमानांचा मुद्दा मी शेवटी ठेवला होता, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या मते तो उलटा लागू होतो. तीन वर्षांनी परत यायचं, असं ते म्हणतात ना? मग कागद घेऊन मांडून पाहा. लेक नववीत गेली तर तीन वर्षांत नववी, दहावी, अकरावी करून ती परतेल. आता तिला इथे कुठे बसवणार? आपल्याकडे अकरावी आणि बारावी हा दोन वर्षांचा जोडीचा अभ्यासक्रम आहे. तिकडची अकरावी करून आलेल्या मुलीला थेट बारावीत घ्यायला शिक्षण मंडळं सहसा तयार होत नाहीत, आणि घेतलं तरी विषय जुळत नाहीत. मग बहुधा तिला इथे पुन्हा अकरावीत बसावं लागेल, किंवा बारावीसाठी कुणी एकानं तिच्याबरोबर तिकडे थांबावं लागेल. तेच आठवीत गेली तर तीन वर्षांत आठवी, नववी, दहावी. परत येईल ती बरोबर अकरावीच्या दारात, इथली मुलं दहावी देऊन जिथे उभी असतात तिथे. परदेशी दहावीची समकक्षता मान्य करून घ्यावी लागेल, कागदांची धावपळ असेल, पण रस्ता मोकळा असेल. जे वर्ष तुम्हाला वाया गेल्यासारखं वाटतं आहे, तेच परतीच्या वेळी तुमच्या उपयोगी पडणारं आहे. मुक्काम लांबला आणि ती तिथेच बारावी झाली, तरी अठराव्या वर्षी हायस्कूल संपवणं तिथे अगदी सर्वसाधारण आहे.

तेव्हा माझं मत आठवीकडे झुकतं. पण हा कौल मी किंवा तुम्ही तिच्यावर लादू नये. चौदा वर्षांच्या मुलीला तिचे मैत्रिणींचे ग्रुप सोडून जायचं आहे, आणि त्या ग्रुपवर "मी आठवीत आहे" असं लिहायची तिला लाज वाटते आहे. ही लाज खरी आहे, तिला हसू नका. वर मांडलेला सगळा हिशोब तुम्ही तिच्यासमोर मांडा. तारखांचा, क्रेडिटचा, परतीचा, सगळा. तिला शाळेच्या संकेतस्थळावर दोन्ही इयत्तांचे विषय स्वतः पाहू द्या. शक्य असेल तर काउन्सेलरशी व्हिडिओवर बोलताना तिला शेजारी बसवा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. तरीही ती विचारपूर्वक नववीच म्हणाली, तर तिच्या पाठीशी उभ्या राहा. निर्णयात तिचा वाटा असेल तर अवघड वर्षही मुली निभावून नेतात.

सासूबाईंना काय सांगायचं? इयत्ता सांगूच नका, वय सांगा. "तिकडे सप्टेंबरात सहा पूर्ण लागतात, आपल्या बाळाला नोव्हेंबरात होतात, म्हणून तो त्याच्या वयाच्या मुलांत बसतोय." जन्मतारखेचा हिशोब त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगला कळतो. मुलांसमोर "मागे", "खाली", "पुन्हा" हे शब्द मात्र कुणालाच वापरू देऊ नका, हे जरा कडकपणे सांभाळा.

आता कागद. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन-तीन वर्षांची गुणपत्रकं आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले, सगळं इंग्रजीत, शिक्क्यासह, निघण्याआधी घ्या. गुणपत्रकाबरोबर शाळेकडून श्रेणींचं कोष्टक मागून घ्या. आपल्याकडे ७१ ते ८० गुणांना ब-१ ही चांगली श्रेणी मिळते आणि उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. टेक्सासमध्ये ७० ला उत्तीर्ण धरतात. कोष्टक नसेल तर तिथला कारकून तुमच्या लेकीचे ७८ गुण पाहून तिला जेमतेम पास झालेली समजेल. आठवीच्या मुलीला याचा फार फटका बसत नाही, पण नववी-दहावी इथे करून जाणाऱ्यांच्या बाबतीत हेच गुण तिथल्या क्रेडिटमध्ये बदलतात, त्यांनी तर हे विसरूच नये. दहावी झालेली मुलं बहुधा तिथे अकरावीत जातात, पण इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास यांची क्रेडिट त्यांना मागाहून भरून काढावी लागतात. एकवीस वर्षांपर्यंत टेक्सासच्या सरकारी शाळेत शिकता येतं, त्यामुळे त्या पालकांनीही घाई करू नये.

लसींचं वेळेवर बघा, कारण इयत्ता कुठलीही असो, लसींची नोंद अपुरी असेल तर प्रवेश अडतो. दोन्ही मुलांना कांजिण्यांच्या आणि हेपटायटिस ए च्या दोन-दोन मात्रा लागतील. आपल्या सरकारी लसीकरणात त्या नसतात, त्यामुळे खासगी डॉक्टरांकडे घेतल्या असतील तरच फाइलमध्ये सापडतील. मुलीला मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकोकलची लस सातवीपासून पुढे लागते, आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची मोठ्या मुलांची मात्राही. पुण्यात या लसी मिळतात. क्षयाची तपासणी करायला सांगितली तर रक्ताची मागा. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी उगाच सकारात्मक येऊ शकते.

घराचा भाडेकरार आणि विजेचं बिल लागेल, कारण कुठली शाळा हे पत्त्यावरून ठरतं. व्हिसा दाखवावा लागेल का, याची चिंता नको. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालानंतर, आणि तो खटला टेक्सासचाच होता, सरकारी शाळा इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला नाकारू शकत नाही. प्रवेशाच्या अर्जात घरी कोणती भाषा बोलता असं विचारतील. मराठी, असं खरं ते लिहा. त्यामुळे मुलांची इंग्रजीची एक चाचणी होईल. गरज दिसली तर जादा मदत मिळेल, गरज नसेल तर विषय तिथेच संपेल. काही पालक घाबरून तिथे "इंग्रजी" लिहितात आणि पाच वर्षांच्या मुलाला मिळू शकणारी मदत स्वतःच बंद करून टाकतात.

डॅलसच्या परिसरातल्या बहुतेक शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात, न्यू जर्सीसारख्या सप्टेंबरात नाही. जुलैअखेर पोचलात तर हातात जेमतेम दोन आठवडे राहतात. म्हणून शाळेला याच आठवड्यात उत्तर लिहा. मुलासाठी किंडरगार्टन मान्य असल्याचं कळवा. मुलीसाठी आठवी आणि नववी दोन्हींवर काउन्सेलरची वेळ मागा. आठवीत बसली तर अल्जिब्रा १ मिळेल का, त्यासाठी चाचणी कधी असते, आणि एकदा ठरलेली इयत्ता पहिल्या काही आठवड्यांत बदलता येते का, हे तीन प्रश्न त्याच पत्रात लिहून पाठवा.